हंड्याची वाट

घर आणि भट्टी एकमेकांना पाठ लावून उभी होती. घराचं तोंड रस्त्याकडे, भट्टीचं तोंड मागच्या अंगणाकडे, आणि मध्ये एकच जाडजूड विटांची भिंत. घर तीन मजली, लाल विटांचं, त्या रस्त्यावरचं सगळ्यात जुनं. खिडक्यांवर विटांच्याच नक्षीदार भुवया, दर्शनी दार एवढं मोठं की पाहुणा आत येताना उगाचच मान वर करायचा. भट्टी म्हणजे बिअरची भट्टी. बाहेर सगळे तिला ब्रुअरी म्हणत, घरात मात्र ती भट्टीच.

भिंतीच्या त्या बाजूला सूनबाईचं राज्य होतं आणि या बाजूला सासूबाईंचं.

सूनबाई या घरात सून म्हणून आलीच नव्हती. ती आली होती भट्टीत काम शिकायला, मागच्या अंगणातून, पायात बूट आणि डोक्याला फडकं बांधून. सासरे तेव्हा भट्टीचे मालक. सातू भिजत घालण्यापासून रस उकळेपर्यंत सगळं त्यांनी तिला वासावरून, नाकाने शिकवलं. त्यांचा मुलगा शाळेत भूगोल शिकवायचा. त्याला नकाशात सातू कुठे पिकतो ते बोट ठेवून दाखवता आलं असतं, पण मूठभर सातू आणि मूठभर गहू समोर ठेवले तर त्याची पंचाईत. असा हा भूगोलाचा मास्तर एकाएकी रोज भट्टीत चकरा मारायला लागला, तेव्हा सासऱ्यांना वाटलं, चला, मुलाला कामाची गोडी लागली. गोडी भलत्याच गोष्टीची होती हे पुढे कळलं. लग्न झालं. काही वर्षांनी सासरे गेले आणि भट्टी सूनबाईच्या हातात आली. कोणी दिली नाही, कोणी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हंड्याखाली जाळ तिनेच घातला, एवढंच.

सासूबाईंचा भट्टीवर राग नव्हता. पण नियम होता. घरातून भट्टीत जायला एकच अरुंद दार, स्वयंपाकघरामागच्या बोळकांडीत. तिथे पायपुसणं, बुटांची मांडणी आणि एप्रन अडकवायला खुंटी. "या दारातून माणूस आत येईल, वास नाही," असं त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात नवऱ्याला सांगितलं होतं, आणि तेच, त्याच शब्दांत, पुढे सुनेला सांगितलं. आवाज कधी चढला नाही. सासूबाई इतकं हळू बोलायच्या की समोरच्याला पुढे वाकूनच ऐकावं लागे, आणि वाकलेल्या माणसाला नाही म्हणणं अवघड जातं.

एके दिवशी सकाळी हंडा गळायला लागला.

हा हंडा म्हणजे तांब्याचं एक अवाढव्य भांडं. पोट कढईसारखं, वर घुमटासारखं झाकण. त्यात सातूचा रस उकळायचा. त्याच्यावर इतकी ठिगळं बसली होती की मूळचा हंडा कोणता आणि ठिगळ कोणतं हे सांगणं मुश्कील. आता बुडाशी एक चीर पडून रस थेंब थेंब जाळावर पडत होता आणि चर्र चर्र आवाज होत होता. सूनबाईने तांबटकाकांना बोलावणं धाडलं.

तांबटकाका जन्मभर तांब्यावर हातोडा मारत आलेले, त्यामुळे कान जवळजवळ गेलेले. स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येईना म्हणून ते साधं बोलतानाही ओरडायचे. त्यांनी हंड्याच्या पोटावर हात ठेवला, डॉक्टरसारखं इकडे तिकडे टकटक करून पाहिलं, टोपी काढली आणि ओरडले, "गेला!"

बोळकांडीतलं दार उघडून सासूबाई धावत आल्या. "कोण? कोण गेलं?"

"हंडा, आई," सूनबाई म्हणाली.

"देवा!" सासूबाईंनी छातीवर हात ठेवला. "मला वाटलं माणूस." आणि वास आत शिरायच्या आत दार लावून घेतलं.

नवा हंडा तांबटकाका बनवणार हे ठरलं. पण एक मोठी अडचण होती. भट्टीच्या मागे पूर्वी मोकळं मैदान होतं म्हणे. आता तिन्ही बाजूंना लोकांच्या इमारती. घराच्या कडेने एक कमानदार बोळ, त्यातून पिंपांची हातगाडी जेमतेम निघायची. मग एवढं धूड आत आणायचं कुठून? जुना तुकडे करून बाहेर काढता आला असता, पण तो मुळात आत आला कसा? सासरे गमतीने म्हणायचे, "आधी हंडा ठेवला, मग त्याच्याभोवती भट्टी बांधली."

सूनबाईने तांबटकाकांना फोन केला. "काका, वाट सापडेपर्यंत थांबा."

"तांबं?" काका पलीकडून गरजले. "आणलंय की! काल संध्याकाळीच पत्रे आले!"

"तांबं नाही, थांबा! थांबा म्हणतेय मी!"

"तांबंच वापरतोय बाई, दुसरं काय वापरणार?" आणि त्यांनी फोन ठेवला. ती स्वतः त्यांच्या कारखान्यात जाऊन पोचली तोवर हंड्याचं पोट अर्धंअधिक आकाराला आलं होतं. हातोड्यांच्या ठाण ठाण आवाजात काका तिच्याकडे बघून असे हसले की तिला रागवायचं सुचलंच नाही. तुकड्यांत नेता येईल का, असं तिने खुणांनी विचारलं. काकांनी दोन्ही कान धरले. "झाकण वेगळं देतो. पण पोट अखंडच जाणार! पोटाला शिवण घातली की ते पोट राहत नाही, गाठोडं होतं!"

घर आणि भट्टी दोन्हींची जुन्या इमारतींच्या खात्यात नोंद होती. विटेला हात लावायचा तरी खात्याची परवानगी लागे. म्हणून खात्याच्या बाई आल्या. उंच, काटकुळ्या, कमरेला ही एवढी मोठी पोलादी टेप. भट्टीतल्या गाडीवाल्यांनी आणि पिंपवाल्यांनी त्यांचं पाच मिनिटांत बारसं करून टाकलं : टेपबाई.

टेपबाईंनी भट्टीचं छप्पर पाहिलं आणि मान हलवली. "छप्पर उघडायचं नाही. हे तुळयांचं काम आता कोणाला जमणार नाही. आणि क्रेन उभी करणार कुठे? रस्ता बघा केवढासा."

"मग मी बिअर कशात उकळू?" सूनबाई म्हणाली. "चहाच्या भांड्यात?"

टेपबाई हसल्या. त्या नाही म्हणायला आलेल्या असल्या तरी नाही म्हणून निघून जाणाऱ्यांतल्या नव्हत्या. "घर दाखवा. भिंत दोघांची एकच आहे ना?"

घर दाखवायचं म्हणजे सासूबाईंच्या आवडीचं काम. दर्शनी दारापासून त्यांनी सुरुवात केली. हे घर बांधणारे नवऱ्याचे पणजोबा मोठे दिलदार होते, एकेका मेजवानीला सगळा गाव यायचा, बायकांचे झगे घोळदार, म्हणून दारं एवढी रुंद ठेवली. दिवाणखाना एवढा ऐसपैस, की जिनासुद्धा मध्ये न घेता कोपऱ्यात सरकवला. पुढे जेवणघर, त्याचंही दार तसंच. आणि जेवणघराच्या मागच्या भिंतीला टेकलेलं कपबश्यांचं कपाट, भिंतभर, छताला भिडलेलं. सासूबाई हळू आवाजात सांगत होत्या, टेपबाई वाकून ऐकत होत्या आणि वाकल्या वाकल्याच दारांची रुंदी मोजत होत्या.

कपाटापाशी त्या थांबल्या. "हे हलवता येईल?"

"त्यात माझ्या आजेसासूबाईंच्या कपबश्या आहेत," सासूबाई म्हणाल्या. कोणाही समजदार माणसाला हे उत्तर पुरेसं होतं.

टेपबाईंना पुरलं नाही. मग कपबश्या एकेक करून टेबलावर आल्या, टेबल भरल्यावर खुर्च्यांवर, खुर्च्या भरल्यावर खिडकीच्या कट्ट्यावर. भट्टीतले चौघे बूट काढून, मोज्यांवर, चोरासारखे आत आले आणि त्यांनी कपाट सरकवलं. मागे नुसत्या विटा. कपाटामागे कोण कशाला रंगरंगोटी करतंय?

टेपबाईंनी भिंतीवर हात फिरवला आणि त्यांचा आवाज सासूबाईंपेक्षाही खाली गेला. "इकडे या. बघा. घरभर विटा कशा आहेत? एक लांब बाजूने, एक आखूड तोंडाने, एकमेकींत गुंतवलेल्या. आणि ही कमान दिसते का? तिच्या आतल्या विटा बघा. सगळ्या लांब बाजूने, एकीवर एक नुसत्या रचलेल्या. कडेच्या भिंतीत एकही गुंतवलेली नाही. हिचा भिंतीशी काही संबंध नाही. ही काढायसाठीच भरलेली आहे."

त्यांनी टेपचं टोक सूनबाईच्या हातात दिलं आणि त्या उलट्या उलट्या चालत जेवणघराच्या दारापर्यंत, दिवाणखान्यातून, दर्शनी दारापर्यंत गेल्या. तिथून त्यांचा आवाज आला, आता मात्र चांगला खणखणीत. "सरळ रेषेत आहे सगळं! कमान, हे दार, ते दार! रुंदीही सारखीच!"

सूनबाईच्या डोक्यात लख्ख काहीतरी झालं. "तळघर!" ती म्हणाली आणि धावत सुटली. टेपबाई मागोमाग.

तळघरात पिंपं ठेवलेली असत. आणि तळघराच्या मधोमध, पिंपं गडगडवताना बरोबर गुडघ्याला लागतील असे, विटांचे छताला टेकलेले जाड खांब दोन रांगांनी उभे होते. या खांबांना सूनबाईने आजवर इतकी नावं ठेवली होती की त्यांना कान असते तर लाल झाले असते. आता ती त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट बघत होती. "वर दिवाणखाना आहे, त्यानंतर जेवणघर," ती म्हणाली. "खांब दर्शनी दाराखाली सुरू होतात आणि कमानीखाली संपतात. कडेला एकही नाही."

"घराचं वजन कडेच्या भिंतींवर आहे," टेपबाई म्हणाल्या. "हे घरासाठी नाहीतच."

"हंड्यासाठी!"

"हंड्यासाठी!" आणि दोघी जाणत्या बाया तळघरात एकमेकींचे हात धरून उड्या मारायला लागल्या.

वर आल्या तेव्हा सासूबाई कपबश्यांच्या गराड्यात उभ्याच होत्या, कारण बसायला खुर्ची रिकामी नव्हती. सूनबाईने आनंदाच्या भरात सगळं सांगून टाकलं. बांधणाऱ्याने आधीच विचार करून ठेवला होता, हंडा कधी ना कधी बदलावा लागणार. म्हणून दारं रुंद, म्हणून जिना कोपऱ्यात, म्हणून तळघरात खांब. दर्शनी दारातून हंडा आत आणायचा, कमानीतल्या विटा काढायच्या, पलीकडे न्यायचा, विटा परत भरायच्या.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे आधी हंड्याची वाट बांधली," त्या म्हणाल्या, "आणि तिच्या कडेकडेने माणसं राहायला ठेवली."

"तसं नाही, आई."

"मेजवान्या, घोळदार झगे," सासूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला हौसेने सांगत आले मी." एक कप उचलून त्यांनी बशीवर नीट ठेवला आणि त्या वर आपल्या खोलीत निघून गेल्या.

संध्याकाळी भूगोलाचा मास्तर शाळेतून आला तर घरभर कपबश्या आणि आई जेवायला खाली यायला तयार नाही. "मी बोलू का तिच्याशी?" त्याने बायकोला विचारलं.

"काय बोलशील?"

"तेच तर कळत नाही," तो म्हणाला आणि मुकाट्याने खुर्च्यांवरच्या बश्या उचलायला लागला. हा त्याचा गुण होता. कळत नसलं की निदान हात चालवायचा.

सकाळी सूनबाई कॉफीचे दोन कप घेऊन वर गेली. सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. "आई, मी ठरवलंय," ती म्हणाली. "दोन छोटे हंडे करून घेते. बोळातून येतील. तुमच्या भिंतीला हात लावायचा नाही."

"आणि तो मोठा, तयार होत आलेला?"

"त्यात तांबटकाका आंघोळ करतील."

सासूबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते कपाआड लपवलं. "राग दारांचा नाही गं," त्या म्हणाल्या. "मी या घरात आले तेव्हा तुझे सासरे पहाटे त्या बाजूला जायचे ते दिवस मावळल्यावर इकडे यायचे. दमून. जेवताना डोळे मिटायचे. मी म्हटलं, ठीक आहे, माणूस भट्टीचा, तर भट्टीचा. पण या भिंतीच्या अलीकडचं सगळं माझं. ती भिंत तेवढी मला पक्की वाटायची. आता ही टेपबाई म्हणते, ती भिंतच नाही."

सूनबाईला तेव्हा एक गोष्ट आठवली, जी तिने कधी सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

"आई, बाबा सकाळची कॉफी कुठे प्यायचे माहीत आहे? हंड्याच्या मागे. भिंतीला पाठ लावून. मला वाटायचं, ऊब लागते म्हणून. पण हंड्यामागे दोन्ही बाजूंना तेवढीच ऊब आहे. ते एकाच जागी उभे राहायचे. तिथे तुमच्या कपबश्यांचा आवाज यायचा. किणकिण झाली की म्हणायचे, 'चला, उठली.' मग कामाला लागायचे. तोवर आम्हाला कोणाला काही विचारायची परवानगी नव्हती."

सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"बाकीची भिंत केवढी जाड आहे," सूनबाई म्हणाली. "पलीकडे कोणी ढोल बडवला तरी ऐकू येणार नाही. तेवढ्या कमानीत एकाच विटेचा थर आहे ना. म्हणून."

"मला पण यायचं ऐकू," सासूबाई अगदी हळू म्हणाल्या, इतक्या हळू की सूनबाईला पार त्यांच्या खांद्याशी वाकावं लागलं. "कपाट उघडलं की. गाणं म्हणायचे. फार वाईट म्हणायचे."

"भयंकर म्हणायचे!"

"एक सूर लागायचा नाही. मी मुद्दाम कपबश्या सावकाश काढायचे." आणि त्या हसायला लागल्या, हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसून पुन्हा हसल्या. मग कपडे सावरून उठल्या आणि म्हणाल्या, "बोलव तुझ्या त्या टेपबाईला. फोडा म्हणावं. पण मी समोर खुर्ची टाकून बसणार."

बसल्याच. गवंड्याने वरून सुरुवात केली. चुना मऊ होता, छिन्नी लावली की वीट हातात यायची. एक वीट निघाली, तिच्या जागी उजेडाचा चौकोन दिसला. आणखी निघाल्या, तसा भट्टीचा ओला, गोडसर, भाजल्या सातूचा वास आत आला. सगळ्यांनी चोरून सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी नाक मुरडलं नाही. उलट जरा पुढे सरकून बसल्या.

मग गवंडी थांबला. "बाई, इथे काहीतरी आहे."

कमानीच्या पोटाला, जिथवर भरलेल्या विटा टेकल्या होत्या, तिथे नक्षी होती. साच्यातून काढून भाजलेल्या विटा, प्रत्येकीवर सातूची लोंबी. तिच्याभोवती वेल, वेलीला हॉप्सची, बिअरला कडूपणा देणारी फुलं. ऊन नाही, पाऊस नाही, कोणाचा हात नाही. कालच वीटभट्टीतून काढल्यासारख्या कडा. एका लोंबीवर तर एक उंदीर बसला होता, बोटाएवढा, दाणा कुरतडत. टेपबाईंनी तो पाहिला आणि त्या सरळ जमिनीवर बसल्या. "रस्त्याकडच्या दाराला एवढं काम नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्या घरात कुठेच नाही. सगळ्यात सुंदर दार त्याने इथे केलं, आणि झाकून टाकलं!"

"झाकून टाकलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "जपून ठेवलं."

शेवटची ओळ निघाली. सासूबाई उठल्या, घरातल्या मऊ सपाता पायात, आणि कमानीखालून सरळ भट्टीत गेल्या. तिकडे जमीन ओली, सगळीकडे सातूचा चोथा. सासूबाईंनी ते पाहिलंसुद्धा नाही. हंड्यापाशी जाऊन त्या वळल्या. समोर कमान, तिच्यातून जेवणघर, पुढे दिवाणखाना, उघडं दर्शनी दार, आणि पार पलीकडे रस्त्यावरचं हिरवंगार झाड.

"अगं," त्या म्हणाल्या, "इथून घर किती छान दिसतं!"

जुना हंडा तुकड्यातुकड्यांनी बाहेर गेला, आणि ज्या दिवशी नवा यायचा होता त्या दिवशी सकाळपासून रस्ता माणसांनी भरून गेला. खिडक्याखिडक्यांत डोकी. शाळेने भूगोलाच्या तासाला सुट्टी दिली, कारण मास्तरच दोर धरायला हवे होते. ट्रकवरून हंडा उतरला तेव्हा उन्हात असा झळाळला की लोकांनी डोळ्यांवर हात धरले. फळ्या अंथरल्या, खाली गोल वासे घातले, दोर बांधले. घरातले गालिचे गुंडाळून ठेवले होते. सासूबाई जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर उभ्या राहिल्या, तिथून सगळं दिसत होतं.

दर्शनी दारातून हंडा अलगद आत आला, दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी फट ठेवून. दिवाणखाना तांबूस उजेडाने भरला. मग हंडा तिरका व्हायला लागला.

"डावीकडे घ्या," सासूबाई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. कोणी ऐकलं नाही. तांबटकाका पुढे ओरडत होते, गाडीवाले मागे. "अहो, डावीकडे घ्या." हंडा उजवीकडेच सरकत होता, भिंतीशी उभ्या आजेसासूबाईंच्या घड्याळाच्या रोखाने. सासूबाईंनी कठडा धरला, श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा, पोटातून, घराच्या सगळ्या विटा हादरतील अशा ओरडल्या, "डावीकडे!"

सगळे जागच्या जागी थिजले. त्यांच्या मुलाच्या हातून दोर सुटला. त्याने आईचा असा आवाज जन्मात ऐकला नव्हता. तांबटकाका मात्र सावकाश वळले, त्यांचा चेहरा उजळला होता. "या बाई स्पष्ट बोलतात!" ते गरजले. "इतक्या वर्षांत कोणीतरी नीट बोललं माझ्याशी!" मग काय विचारता. तिथून पुढे हुकूम सासूबाईंचा आणि होकार काकांचा. "थोडं मागे!" "मागे!" "आता पुढे!" "पुढे!" रस्त्यावरचे लोकही ओरडायला लागले. सूनबाई हंड्याला खांदा लावून ढकलत होती आणि हसण्याने तिच्या हातातलं बळच जात होतं.

जेवणघराच्या दारात हंडा अडकला. पक्का. ना पुढे ना मागे. टेपबाई वाकल्या, मोजलं, पुन्हा मोजलं. "विटांचं दार बरोबर आहे, मी तेवढंच मोजलं होतं. पण आतून ही लाकडी महिरप ठोकली आहे, दोन्ही बाजूंनी. ही मूळची नाही. कोणी लावली?"

सासूबाई जिना उतरून आल्या. "मी," त्या म्हणाल्या. "लग्नानंतर. घराला जरा शोभा यावी म्हणून." त्यांनी गवंड्यापुढे हात केला. "पटाशी द्या."

पहिली फळी त्यांनी स्वतः उचकटली. खिळे करकरत निघाले. फळीमागे दाराच्या विटेची कड झिजून गोल झाली होती, आणि झिजेवर हिरवट निळा डाग, तांब्याचा. हंडा पूर्वी इथूनच गेला होता आणि जाता जाता घासला होता. टेपबाईंनी त्या डागाला बोट लावून पाहिलं आणि लगेच त्याचीही उंची मोजली. दुसऱ्या बाजूची महिरप सुनेने काढली. "ओढा!" सासूबाई ओरडल्या. हंडा जेवणघरातून, कमानीतल्या लोंब्या आणि वेलींखालून, चार बोटांच्या अंतराने, एकाही विटेला न लागता, आपल्या जागी जाऊन बसला. बाहेर रस्त्यावर टाळ्या वाजल्या. भूगोलाच्या मास्तरने बायकोला सगळ्यांदेखत मिठी मारली, आणि त्याच्या वर्गातल्या मुलांनी खिडकीतून शिट्ट्या मारल्या.

कमान पुन्हा भरायची की तशीच ठेवायची, हे खात्याने घरच्यांवर सोपवलं. सासूबाईंनी तिला लाकडाची दोन झडपांची दारं करून घ्यायला सांगितली, आणि दारं तयार होईपर्यंत ती उघडीच राहिली. नव्या हंड्यात पहिला रस उकळला त्या दुपारी जेवणघरात सगळे जेवायला होते : टेपबाई, गवंडी, तांबटकाका, भट्टीतली माणसं, या वेळी बुटांसकट. सूनबाई एका हाताने जेवत होती आणि दर थोड्या वेळाने उठून हंड्यात डोकावत होती. वाफ कमानीतून आत येऊन छताला लागत होती. सूप निवत नव्हतं, पाव मऊ पडत होता, कोणाला त्याचं काही नव्हतं.

एवढ्यात फर्रर्र असा आवाज झाला. बाजूच्या भिंतीला डकवलेला शोभेचा कागद, गडद जांभळ्या फुलांचा, वाफेने वरच्या कोपऱ्यातून सुटला होता. तो सावकाश, वळ्या घालत, खाली आला आणि तांबटकाकांच्या डोक्यावर शालीसारखा पसरला. काका आत कुठेतरी ओरडत होते. चमचे थांबले.

सासूबाई त्या कागदाकडे बघत होत्या. "माझ्या सासूबाईंनी निवडला होता," त्या म्हणाल्या. आता त्या थोड्या मोठ्याने बोलायच्या, सवयच लागली होती. "मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. जांभळी फुलं! जेवताना समोर! पण बोलायचं कोणाशी?" आणि त्यांनी उठून कागदाची दुसरी कड धरली आणि खस्सकन ओढली. मग तिसरी. गवंडी उठला, टेपबाई उठल्या, भूगोलाचा मास्तर टेबलावर चढला. बघता बघता भिंत उघडी पडली, लाल, वाफेने ओली. काका बाहेर आले ते केसांत जांभळी कागदी पाकळी अडकवूनच.

सासूबाई धापा टाकत खुर्चीत बसल्या आणि सुनेकडे वळल्या. "सूनबाई, तुला या घरातलं काय काय आवडत नाही, ते आत्ताच सांगून टाक. मी सुरात आहे."

सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने घाईघाईने पाव तोंडात कोंबला.

"सांगू?" ती म्हणाली. "वरच्या बोळकांडीतला तो आरसा. त्यात माणूस आजारी दिसतो."

"अगदी बरोबर! दिसतो! आणखी?"

"आणखी... दिवाणखान्यातले पडदे."

"पडदे मी निवडलेत," सासूबाई म्हणाल्या.

"ते मला माहीत आहे," सूनबाई म्हणाली, आणि हंड्यात रस वर येत होता म्हणून हसतच पलीकडे पळाली.